नाव घ्यायचा खेळ नको

ता. ६ जानेवारी १९६४, सोमवार
शेजारची मास्तरीणबाई आली. माह्या सुशीलानं रंगीत दोऱ्यानं भरलेले अभ्रे, पिशव्या पायल्या. म्हणे पेटीत काऊन कोंबले, इका. अकोल्याले तिच्या बहिणीनं बाया घरीच बोलावल्या होत्या. पयले खेळ घेतले, बाया हसल्या, लाज गेली, मग सामान काढलं. पटलं मले. पैशासाठी नाई. सु. माहेरी येऊन सात महिने झाले, जवाई न्यायले येत नाई. पोरगी चार बायांत बसत नाई. दोरा ओढते अन् दाराकडे पायते.
हळदीकुंकवाच्या दिवशीच करू. १७ ले.

ता. ९
मा.बाई म्हणे सुरुवातीले सगळ्याईनं उखाण्यात नवऱ्याचं नाव घ्यावं, तोंडं उघडतात. मी नाई म्हटलं. काऊन, म्हणे. जुनं झालं, म्हटलं. बाईले समजत नाई काई. सु. तिथंच सुई ओवत होती.
दुसरे खेळ. ताटात वस्तू मांडून झाकायच्या, आठवून सांगायच्या. हा बरा. डोये बांधून दुसरीच्या बांगड्या चाचपून तिले ओळखायचं. हाही बरा.

ता. ११
माहा भाऊ, दादा, आला साखरखेर्ड्याहून. सु. पाण्याले गेली तव्हा बोलला. जवायानं दुसरी आणून ठेवली घरात, दिवाळीपासून. जवायाच्या गावी, बीबीच्या बाजारात दादानं डोयानं पायलं. ती बांगड्या भरत होती, हा बाजूले उभा.
"सु. ले सांगू नको," म्हटलं.
"कवातरी समजनच ना तिले."
"१७ होऊ दे."
सु. आली, मामाले चहा दिला. तिकडची काई खबर, मामा? दादा कपात पाहत राह्यला. मीच म्हटलं, काई नाई.

ता. १४, संक्रांत
बांगड्यांचा खेळ काढून टाकला.
सु. नं एक पिशवी वेगळी ठेवली, मोराच्या जोडीची. इकायची नाई म्हणे. मी खेकसली. सणासुदीचं.

ता. १७
अकरा बाया आल्या. पयले नुसत्या पदर धरून बसल्या. ताटाचा खेळ घेतला. तलाठीणबाईले सगळं आठवलं, अडकित्ता सोडून. मा.बाई म्हणे, घरी तलाठ्याच्या हातात दिवसभर तोच असते, तरी? बाया लोटपोट. सु. बी हसली. सात महिन्यात पयल्यांदा दात दिसले तिचे.
मग सोनारीण म्हणे, आता नावं घ्या. मी म्हटलं सामान पाहा आधी. आयकते कोण. एकेकीनं सुरू केलं. चहाच्या निमित्तानं सु. ले आत बोलावलं, आली नाई. तिची पाळी आली तव्हा मी दारात, हातात कपाचं ताट. मान वर करून म्हणे,
"पिशवीवर काढली मोराची जोडी,
मधुकररावांनी धाडावी मले न्यायले गाडी."
बायाईनं वा वा केलं. कोणी डोये पुसले. अभ्रे सगळे गेले. मोराची पिशवी तिघीनं मागितली, दिली नाई.
चहा थंड झाला होता. तसाच वाटला.

ता. १८
सु. नं सकाळीच डोकं धुतलं. पुढच्या वेळी खेळ मीच घेते म्हणे. मग म्हणे,
"आई, तुले वाटलं मी नाव घ्यायले लाजीन?"
हाव म्हटलं. दुसरं काय म्हणू.

ता. २०, सोमवार
मोराच्या पिशवीत चिठ्ठी घातली तिनं, वरून तोंड शिवून टाकलं. मामासंग बीबीले धाडायची. दादा दोनच्या एस.टी. मोटारीनं येते.
सकाळी सांगीन म्हणून चुलीजवळ बसली मी. तर ती तलाठीणबाईची नक्कल करून राह्यली, कपाळाले हात लावून अडकित्ता आठवत होती. मी बी हसली. मेथी निवडली. पूर्ण जुडी निवडून झाली, सांगणं तसंच राह्यलं.
बारा वाजले. पिशवी माह्या मांडीवर हाय. सु. जेवायले हाक मारून राह्यली.