आधी माझं वाक्य

सोमवार, ११ नोव्हेंबर
प्रौढांच्या इंग्रजी वर्गाचा लेसन प्लॅन तयार. तीन रंगांच्या पेनांनी. आता यात कानामात्रेचाही बदल नाही.

संध्याकाळी वर्ग सुटल्यावर वर्गातला ड्रायव्हर थांबला. शुक्रवारी इंटरव्ह्यू आहे म्हणाला, पर्मनंट नोकरीचा, इंग्रजीत. हातातलं काम महिनाअखेर सुटतंय, घरी दोन लेकरं. सर, तेवढं तयार करून घ्या. मी म्हटलं, इंटरव्ह्यू प्लॅनमध्ये फेब्रुवारीत आहे. त्याचा चेहरा पडला.

मंगळवार, १२
झोप नाही. माणसाच्या पोटाचा प्रश्न! निश्चय: प्लॅन बदलणार. शिक्षक लवचीक हवा. 'द पिकनिक' या धड्याचा मथळा खोडून 'इंटरव्ह्यू' लिहिलं. आत फारसं हलवावं लागलं नाही.

बुधवार, १३
माझी पद्धत: मी म्हणायचं, वर्गाने म्हणायचं, मग मी 'व्हेरी गुड'. आज "व्हॉट इज युअर नेम?"ला छप्पर हादरलं. ड्रायव्हरचा आवाज सगळ्यांत खणखणीत. मध्येच तो नाव सांगायला लागला. दटावलं. आधी माझं वाक्य! शिस्त म्हणजे शिस्त.

बायको म्हणाली, अहो, त्याला उत्तरं कधी शिकवणार? हिला अध्यापनशास्त्रातलं काय कळतं! उत्तरं सोमवारी आहेत.

गुरुवार, १४
आजच उत्तरं घेणार होतो. पण टेलरबाईंचा 'व्हेअर' जमेना, त्यातच तास संपला. ड्रायव्हर सारखा घड्याळाकडे बघत होता. जाताना त्याला धीर दिला: बिनधास्त जा, वर्गात करता तस्संच करा.

शुक्रवार, १५. दुपार
फोन नाही.

रात्री ९
अजून नाही. लगेच कामावर घेतलं असणार.

सोमवार, १८
ड्रायव्हर आला. नोकरी हुकली. साहेबांचा प्रत्येक प्रश्न त्याने आधी खणखणीत म्हणून दाखवला आणि 'व्हेरी गुड'ची वाट बघत बसला. साहेबांना वाटलं, हा आपली नक्कल करतोय. तिसऱ्या प्रश्नाला बाहेर काढलं. माझ्यावर राग नाही. उलट विचारत होता, सर, माझा उच्चार चुकला असेल का?

मेल्याहून मेल्यासारखं झालं. वर्गासमोर उभा राहिलो आणि मनापासून म्हणालो, "आय ॲम सॉरी."

सगळा वर्ग: "आय ॲम सॉरी." ड्रायव्हर सगळ्यांत मोठ्याने.

सवयीने माझ्या तोंडून "व्हेरी गुड" निघून गेलं. तेही त्यांनी म्हटलं.