नऊ निऑन टेट्रा आणि नळाखाली धुतलेला स्पंज

मी, खाली सही करणारी, वय एकोणसत्तर, रुग्णालयाच्या प्रयोगशाळेतून निवृत्त झालेली तंत्रज्ञ, हे मृत्युपत्र स्वतःच्या मर्जीने आणि पूर्ण शुद्धीत लिहून ठेवत आहे. डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. यजमानांचं म्हणणं, दाखला देण्याआधी त्यांना विचारायला हवं होतं. तिकडे लक्ष देऊ नये.

एक. राहतं घर आणि बँकेतली ठेव माझ्या पश्चात यजमानांची, त्यांच्या पश्चात मुलगा आणि मुलगी यांची, समसमान. त्यावरून दोघं भांडणार असतील तर आधी माझा फोटो भिंतीकडे तोंड करून ठेवावा.

दोन. शिवणयंत्र सुनेला. तिने ते एकदा मागितलं होतं आणि मी "बघू" म्हटलं होतं. बघितलं.

तीन. पुढच्या खोलीतल्या टाकीतले नऊ निऑन टेट्रा मात्र समसमान वाटू नयेत. निळ्या-लाल पट्ट्यांचे हे इवलेसे मासे थव्यानेच राहतात. पाच-सहाच्या खाली आले की कोपरा धरतात, खाणं सोडतात, रंगही उतरतो. ते सगळे यजमानांकडेच राहतील. फिल्टरचा स्पंज धुण्याचा अधिकार फक्त मुलीला. तो टाकीतून काढलेल्या पाण्यातच हलका पिळायचा असतो, हे तिला माहीत आहे. मला नव्हतं.

चार. नऊ वर्षांपूर्वी यजमान गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी दवाखान्यात होते. ते येण्याआधी टाकी लख्ख करावी म्हणून मी तो स्पंज नळाच्या गरम पाण्याखाली खसाखसा धुतला. जंतू म्हणजे धोका, हेच मी नोकरीत जन्मभर शिकले. टाकीचं पाणी चांगलं ठेवणारे जंतू त्या स्पंजातच राहतात, हे कुठे ठाऊक होतं? चार दिवसांत वीसच्या वीस मासे गेले. त्यातले आठ नुकतेच दुकानातून आणलेले. यजमान घरी आले ते कुबड्या घेऊन तसेच दुकानात गेले आणि दुकानदाराला, म्हणजे आपल्या जिवलग मित्राला, गिऱ्हाइकांदेखत म्हणाले, "आजारी मासे माझ्या गळ्यात मारलेस." मी दुकानाच्या पायरीवर उभी राहून ऐकत होते. दर रविवारी टाकीपुढे गप्पा मारत बसणारे दोघं त्या दिवसापासून एकमेकांना बघून रस्ता बदलतात.

दुकानदार भाऊजींना मी आठवड्याभरातच खरं सांगितलं. ते म्हणाले, "वहिनी, मी बोललो तर चहाडी होईल. त्याला तुम्हीच सांगा." मी "सांगते" म्हटलं, ते आजतागायत. मला यजमानांच्या रागाची भीती वाटली, दुसरं काही कारण नाही. आजचे नऊ मासेही भाऊजींच्याच दुकानातले आहेत. घरी मी "बाजारातून आणले" एवढंच सांगत आले. भाऊजी, चूक माझी आणि बोलणी तुम्ही खाल्लीत. मला माफ करा.

वकीलबाई म्हणाल्या, "मृत्युपत्रात माफी मागत नाहीत हो." मी म्हटलं, "मग कुठे मागतात?" त्या म्हणाल्या, "जिवंतपणी."

पाच. म्हणून वरचं कलम आज सकाळी यजमानांना वाचून दाखवलं. त्यांनी चष्मा पुसला आणि टाकीकडे बघितलं. मग म्हणाले, "नऊ वर्षं तू मला..." वाक्य तिथेच सोडून त्यांनी माशांना चिमूटभर खाणं टाकलं. टाकता टाकता विचारलं, "दुसरा साक्षीदार कोण आहे?"

"अजून कोणी ठरला नाही."

त्यांनी काठी घेतली आणि बाहेर पडले.

सहा. ~~मासे पकडायची छोटी जाळी दुकानदार भाऊजींना.~~ हे कलम खोडलं आहे, कारण साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही देता येत नाही. जाळी आजच हातात देईन.

स्थळ: राहतं घर, टाकीची खोली
दिनांक: ३ मार्च २०२४, रविवार

सही: मृत्युपत्र करणारी

साक्षीदार पहिले: आमचे फॅमिली डॉक्टर

साक्षीदार दुसरे: माशांचे दुकानदार. घाईत आल्यामुळे यांचा चष्मा दुकानातच राहिला. यजमानांनी स्वतःचा काढून यांच्या नाकावर ठेवला, तो लावून यांनी सही केली.