टेकडीची वाट

प्रिय रॉबिनदादा, सलाम.

अण्णा अंथरुणाला खिळलेत, तरी रोज सकाळी विचारतात, "शॅरन, पानी कुठवर हाय गं?"

धरण भरलं की आपल्या कबरस्तानाच्या टेकडीचं बेट होतं. आईशेजारची जागा त्यांनी धरून ठेवलीय. "होडीतून नेऊ नका मला. वाट उघडली का मंगच जाईन," असं त्यांनी दिवाळीत बजावलं. डॉक्टर म्हणाले होते, नाताळ बघणार नाहीत. आता ईस्टरही झाला.

"पानी लई हाय, अण्णा," मी रोज सांगते. खरं तर वाट कधीच उघडी पडलीय, काठचे खडकसुद्धा कोरडे आहेत.

आज मच्छिंद्रभाऊ शेळ्या हाकत अंगणातून गेला. "टेकडीवर लई चारा हाय, आत्ताच चारून आनल्या," म्हणाला. खिडकी उघडी होती. मी धावत आत गेले. अण्णा डोळे मिटून पडले होते. डोळे न उघडताच म्हणाले, "मच्छ्याच्या शेळ्या पवायला शिकल्या का गं?"

मी खिडकी लावून घेतली. तेच म्हणाले, "उद्या सांग पानी कुठवर हाय ते."

तुला बोलवावंसं वाटतं, पण हे पत्र टाकवत नाही. तू दारात दिसलास, की खांदा द्यायला पोरगा आला असं ते समजतील, आणि मग मला पाणी विचारणार नाहीत.

तुझी धाकटी,
शॅरन