कोपऱ्यावरचं घर आणि चार मजल्यांची अट

काल सगळ्यांच्या आधी आली ती आमच्या गल्लीच्या सोसायटीच्या चेअरमनची बायको. मागून चेअरमन, हातात हरकतीचा अर्ज. चपला काढायच्या आधीच चेअरमननी विचारलं, "काकू, गुडघे कसे आहेत?" इतक्या वर्षांत माझ्या गुडघ्यांची चौकशी गल्लीत कोणी केली नव्हती. तेव्हाच ओळखलं, आता मृत्युपत्र लिहून ठेवलेलं बरं.

तर मी, कोपऱ्यावरच्या घराची मालकीण, धंदा शिवणकाम, शाळा चौथीपर्यंत, डोकं ठिकाणावर, कोणाच्या धाकात नसताना, चहा पिऊन, स्वखुशीने लिहून ठेवते, की माझ्यामागे सदरहू वस्तूंची व्यवस्था मी सांगते तशीच व्हावी. कालपासून एका जागी बसवत नाही. फाटक वाजलं की उठते. वाक्य मध्येच तुटलं तर सांभाळून घ्यावं.

कलम पहिलं, घर. आमच्या गल्लीत आजवर दोन मजल्यांच्या वर परवानगी नव्हती. आता नगरपालिका उंच इमारतींना मोकळीक देणार. त्यासाठी रस्ता रुंद हवा, आणि रस्ता रुंद करायचा तर माझं अंगण हवं. म्हणून माझे गुडघे एकदम महागले! चेअरमन म्हणतात काहीच बांधू नका, बिल्डरचा माणूस म्हणतो अकरा मजले. काल दोघं एकाच वेळी माझ्या सोफ्यावर, मांडीला मांडी लावून. मला तर घर भरल्यासारखं वाटलं, कप कमी पडले.

चेअरमन म्हणाले, "काकू, बाहेरची माणसं घुसतील. एका नळावर किती माणसं?"

हे मी आधी ऐकलेलं. नवी नवरी म्हणून याच गल्लीत मागच्या भाड्याच्या खोलीत आले, तेव्हा यांच्याच मातोश्री नळावर माझ्याकडे बघून हेच बोलल्या होत्या. घर तर घर, बोलणंसुद्धा वारसाला मिळतं.

तेवढ्यात माझ्या मुलीची मुलगी आली. इस्पितळात नर्स आहे. ड्यूटी संपवून, दोन बस बदलून, कडेवर लेकरू. या भागात तिला परवडेल अशी एक खोली मिळत नाही.

मी विचारलं, "चेअरमन, ही बाहेरची का?"

"छे हो, ही तर आपली ताई!"

"मग ठेवू कुठे हिला? तुमच्या माळ्यावर?"

ते हातातला अर्ज चाळायला लागले. आणि त्यांची बायको, जी त्यांच्यासमोर चकार शब्द काढत नाही, ती कपात बघत म्हणाली, "अहो, आपला मुलगा तरी कुठे राहतो? तिकडेच, शेवटच्या स्टॉपला."

चेअरमननी अर्ज फाडला नाही हं, नुसती घडी केली.

सबब सदरहू घर व अंगण नातीला. रस्त्यासाठी अंगण द्यावं, पण चार मजल्यांच्या वर बांधणार नसतील तरच, आणि खोल्या नर्सच्या पगारात बसतील अशा. त्याहून उंच गेलं तर चेअरमनच्या गच्चीवरचं ऊन जातं. त्या उन्हात बसून त्यांनी मला जन्मभर नावं ठेवली, ते ऊन त्यांच्या हक्काचं आहे. मी असेपर्यंत हीच अट, गेल्यावरही हीच.

बिल्डरचा माणूस म्हणाला, "आजी, चार मजल्यांत परवडत नाही."

"मग अकरांत मला परवडत नाही."

"साहेबांना विचारून सांगतो."

कलम दुसरं. बँकेत असेल नसेल ते मुलीला. शिवणयंत्र नातीला, पट्टा ढिला आहे, पाय जपून मारावा.

कलम तिसरं. आमचे हे गवंडी होते. त्यांचा ओळंबा बिल्डरच्या माणसाला द्यावा, म्हणजे भिंत तरी सरळ येईल.

कलम चौथं, कात्री. चेअरमनची बायको बाळाच्या झबल्यासाठी म्हणून घेऊन गेली, ते बाळ आता शेवटच्या स्टॉपला राहतं. कात्री तिच्याकडेच आहे, तर तिचं कापडी म्यानही तिलाच द्यावं. हे कलम रागानं योजलं होतं. कालपासून प्रेमानं वाचावं.

साक्षीदार: औषधाच्या दुकानातली बाई (सही). वकिलाचा कारकून (सही, 'सदरहू' सगळे त्याचे).
लिहून देणार: मी (सही, जरा वाकडी, फाटक वाजलं म्हणून).
ठिकाण: पुढची खोली, खिडकीशी.
वार: गुरुवार.

ता. क. मंडळी रविवारी सकाळी परत येतो म्हणालीत. चेअरमनची बायको कात्री घेऊन येणार आहे.