माझ्या पोटातले वॉचमन

तीर्थस्वरूप आक्का,

साष्टांग नमस्कार. (साष्टांग लिहिलंय खरं, पण सध्या पोटावर पडवत नाही, तेव्हा उभ्यानेच पोचला असं समज.) तुझे गुडघे काय म्हणतात? भावजींचा घसा अजून बसलेलाच असेल तर असू दे, तेवढीच तुला विश्रांती.

माझ्या आतड्याच्या सुजेचं तुला ठाऊकच आहे. डॉक्टरीणबाईंनी चित्र काढून समजावलं, की आतड्याच्या अस्तरात जंतूंना मारणारी प्रथिनं असतात, म्हणजे दारावरचे वॉचमनच. या आजारात त्यांतली काही कमी पडतात, काही नको इतकी माजतात, आणि आणखी एक प्रथिन नुसतं बोंबलत सुटतं. त्याच्या हाकेला धावून आलेली फौज चोर सोडून घराचीच भिंत फोडते. त्या बोंबल्याला गप्प करायचं इंजेक्शन घ्या, म्हणाल्या. आता तूच सांग, कापडदुकानाच्या दारावर अर्धा जन्म काढलेला मी हेडवॉचमन, आपल्याच पेशातल्यांचं तोंड कसं दाबू? त्यांना वरून हुकूमच चुकीचा आला असेल, असं सुनावून मी बाणेदारपणे घरी आलो. (म्हणजे वाटेत दोनदा हॉटेलात शिरून, चहा न पिता.)

मग सोमवारी दुकानातला चोरांसाठीचा भोंगा अडकला. चोर नाही, चिलट नाही, पण भोंगा थांबेना. माझ्या हाताखालची वॉचमन पोरं इमानदार. भोंगा वाजतोय म्हणजे चोर असलाच पाहिजे, म्हणून त्यांनी आधी एका गिऱ्हाइकाला धरलं, मग शिंप्याला, शेवटी खुद्द मालकांना ताग्यांच्या ढिगावर आडवं केलं. काचेचं कपाट फुटलं ते वेगळंच. मी ओरडून ओरडून थकलो, कोणी ऐकेना. शेवटी स्टुलावर चढून भोंग्याची तार उपटली, तेव्हा सगळे जागच्या जागी थांबले आणि खुळ्यासारखे एकमेकांकडे बघू लागले. बिचारे! त्याच पावली मी दवाखान्यात जाऊन इंजेक्शनला हो म्हणून आलो. भीती म्हणशील तर मला अजिबात वाटत नाही.

भावजींना नमस्कार, गुडघ्यांना आराम.

तुझा धाकटा (आणि सध्या बराच हलका) भाऊ

ता. क. भीती वाटते गं. हे सगळे गप्प बसले आणि नेमका खरा चोर आला तर? डॉक्टरीणबाई म्हणतात, आम्ही लक्ष ठेवू. पण मला तू शेजारी हवीस. बायकोला सांगू नकोस, तिच्यासमोर मी शूर आहे.

ता. क. २. इंजेक्शन आजच आहे, त्यामुळे पत्र टपालात न टाकता स्वतःच घेऊन येतोय. तोंडाने मला हे सांगता यायचं नाही. पत्र तुझ्या हातात देऊन मी आधी आत पळेन, का ते तुला कळेलच. बाहेर येईपर्यंत वाचून ठेव, आणि येणार असशील तर काही न बोलता पायात चपला घाल.