येसराचा वास

ता. ५ ऑक्टोबर १९४८

प्रिय लिडियाआक्का,

तुला आणि दाजींना सलाम. आमचे मास्तर दारात उभे दिसले की आधी त्यांना पाणी दे, मग बसून हे वाच. जामखेडच्या रस्त्याने सायकल मारत आलेल्या माणसाला तू लगेच प्रश्न विचारशील, म्हणून सगळं मीच लिहिते आहे. टपालात टाकायची हिंमत झाली नाही. ‘काळजी करू नकोस’ असं सुरुवातीला लिहिलं होतं, पण मी स्वतःच इतकी घाबरले आहे की तो कागद फाडून चुलीत घातला.

उन्हाळ्यात आमच्या शाळेच्या पटांगणात मोगलाईतून, निजामाच्या मुलखातून, पळून आलेली माणसं उतरली होती, हे तुला ठाऊक आहेच. रझाकारांच्या भीतीने कुणी रिकाम्या हाताने आलं, कुणी म्हाताऱ्याला पाठीवर घेऊन. शेकडो तोंडं, आणि कधी किती येतील याचा नेम नाही. तेव्हा मी टिकेल ते करून ठेवायला शिकले. ज्वारीच्या पातळ भाकरी चुलीपुढे उभ्या करून कडक वाळवायच्या, त्या कितीही दिवस राहतात. आणि येसर. तुला आईचं येसर आठवत असेल, लग्नाच्या आधी ती बाजरी, हरभऱ्याची डाळ, धने, मिरची सगळं भाजून दळून डबे भरून ठेवायची. उकळत्या पाण्यात ते पीठ सोडलं की पंगतीची आमटी तयार. अचानक गाडीभर माणसं उतरली तरी मी नुसतं पाणी चढवायची.

या सगळ्यात माझ्या बरोबरीने राबली ती शेजारची रंगुबाई. पहिल्या दिवशी काही बायकांनी आपल्या ख्रिस्ती हातच्या भाकरीला हात लावला नाही. रंगुबाई उठली. माझ्या टोपल्यातली भाकरी घेऊन सगळ्यांच्या मधोमध बसली आणि जेवली. नंतर पोरं जेवली, मग बायकाही. तिचा भाऊ भिमाजी तिकडेच दिला होता, घरजावई. त्याला रझाकारांनी मारल्याची बातमी आली तेव्हा ती परातीपुढेच होती. तिने हातातली भाकरी तव्यावर टाकली, उलटली, काढली, आणि मग पदर तोंडात धरून घरी गेली. दुसऱ्या दिवशी पुन्हा आली. पण भिमाजीचं नाव तिने पुन्हा काढलं नाही, आणि मीही नाही.

मग गेल्या महिन्यात फौज गेली, निजाम नमला, पटांगण रिकामं झालं. गावात पेढे वाटले. मी परात घासून फळीवर ठेवली आणि देवाचे आभार मानले. आठवडाही झाला नसेल, पहाटे परसातल्या बाजरीत खसफस झाली. मला वाटलं गुरं शिरली. पाहते तर हमीदाबी. माझ्या लग्नात चुडा भरायला आली होती ती मन्यारीण, तुझ्या हातात बांगडी चढेना म्हणून तुला किती चिडवलं होतं तिने. तिच्यामागे तिची सून, नातवंडं, आळीतल्या आणखी बायका आणि लेकरं. वीसेक जीव असतील. पुरुष एकही नव्हता. रझाकारांचा सूड आता तिकडच्या मुसलमान आळ्यांवर उगवत होता, म्हणून पुरुष कुठे आहेत हे मी विचारलं नाही. आक्का, उन्हाळ्यात आलेल्या माणसांच्या डोळ्यांत जे होतं तेच त्यांच्या डोळ्यांत होतं. माणसं तेवढी दुसरी होती.

मास्तरांनी प्रार्थनामंदिरामागची कोठी उघडली. तेव्हापासून माझं काळीज ठिकाणावर नाही. कोठीला आमच्या स्वयंपाकघराची भिंत लागून आहे. हमीदाबीला सारं गाव ओळखतं, ती एकदा जरी बाहेर दिसली तरी गोष्ट फुटेल. आणि तिघांच्या घरात दिवसभर चूल पेटती कशी ठेवायची? धूर दिसतो, भाकरी थापल्याचा आवाज जातो, पिठाचा डबा लवकर संपतो. म्हणून मी पुन्हा टिकाऊ करायला घेतलं. सकाळी लोक शेतात गेले की कडक भाकरी करून ठेवायच्या, आणि संध्याकाळी आमच्या भाताच्या नावाखाली पाणी उकळून येसर सोडायचं. भाकरीचे तुकडे त्यात भिजवून पोरं जेवतात, आवाज न करता. एवढाली पोरं आवाज न करता जेवतात हे पाहवत नाही.

पण येसराचा वास लपत नाही, हे मी विसरले. परवा मसाला भाजत होते आणि दारात रंगुबाई उभी. म्हणाली, “येसराचा वास आला. कुनाचं लगीन हाय?”

मी म्हटलं, कापणीच्या सणाची तयारी आहे, मंडळीचं जेवण असतं. ती परसाकडे बघत राहिली. बाजरी अजून कापायची होती, तशीच उभी. मग न विचारता आत आली, हात धुतले, परात ओढली आणि भाकरी थापायला बसली. मी तिला जा म्हणू शकले नाही. मी कढईतला मसाला हलवत राहिले. ती उन्हाळ्यासारखीच सराईतपणे थापत होती, आणि मला एकच दिसत होतं, भिमाजीची बातमी आली तेव्हाची तिची पाठ.

तेवढ्यात भिंतीपलीकडे लेकरू खोकलं. कुणीतरी त्याचं तोंड दाबलं असावं, खोकला अर्ध्यात तुटला. रंगुबाईचे हात थांबले. आमचा दानीएल तर माझ्यासमोर अंगणात खेळत होता. मी खोकल्याचं सोंग आणलं, पण उशीर झाला होता.

तिने परातीत कोरडं पीठ भुरभुरलं. मग पिठाकडेच बघत म्हणाली, “बारकी लेकरं हायेत का?”

मी मान हलवली. तिने हातातली भाकरी पुरी केली, तव्यावर टाकली आणि उठून निघून गेली. तवा माझ्याने उतरवला गेला नाही, भाकरी जळून कोळसा झाली.

तो दिवस कसा गेला ते सांगू शकत नाही. मास्तर म्हणाले, प्रार्थना कर. मी गुडघे टेकले आणि प्रत्येक पावलाचा कानोसा घेत राहिले. चावडीकडे कुणी मोठ्याने हसलं तरी वाटे, आले. दुसऱ्या दिवशी सकाळी ती आली, सोबत तिचा नवरा सहादेव. तिने पदराखालून सातूच्या पिठाचं गाठोडं काढून माझ्यापुढे ठेवलं. म्हणाली, “भाकर लेकरांस्नी चावायची न्हाई. ह्ये पान्यात कालवून गूळ घाल.” आणि मग, भिंतीकडे तोंड करून, “माझ्या भावाला ह्या लेकरांनी न्हाई मारलं.”

त्यानंतर तिनेच पुढचं ठरवलं. हमीदाबीच्या सुनेचे दिवस भरत आले आहेत, इथे सुईण बोलवणं म्हणजे गावाला सांगणं. म्हणून सहादेवच्या गाडीतून तिला आणि सगळ्यांत लहान लेकरांना तुझ्याकडे, तुझ्या दवाखान्यात पाठवायचं. वाटेत कुठे चूल पेटवायची नाही, म्हणून काल मी दुधात भिजवून दशम्या केल्या, त्या नगरपर्यंत टिकतील. मास्तर सायकलवर रस्ता बघत पुढे आले आहेत, गाडी मागून येते आहे. मी इथेच राहिले, कारण बाकीच्यांना जेवायला घालायचं आहे आणि माझं दार बंद दिसता कामा नये.

आता जे लिहायला मी इतकी पानं घेतली ते लिहिते. कुणी गाडी अडवलीच, तर ती मास्तरांचं बिऱ्हाड दवाखान्याला निघाल्यासारखी वाटली पाहिजे, असं रंगुबाई म्हणाली. नाक्यावरचे शिपाई मास्तरांच्या मुलाला ओळखतात. आक्का, मी दानीएलला त्या गाडीत बसवलं आहे. रंगुबाई कपाळभर कुंकू लावून पुढे बसली आहे आणि तो तिच्या मांडीवर आहे. सुनेला आई म्हणायचं, एवढंच त्याला शिकवलं, आणि तो लगेच म्हणाला. मी बरोबर केलं की नाही, मला कळत नाही. गाडी आली की सुनेला आणि लेकरांना आत घे, कोण कुठली विचारू नकोस, दाजींनाही विचारू देऊ नकोस. आणि दानीएलने मला हाक मारली, तर मी लवकर येते आहे असं सांग. तो सुखरूप पोचल्याचा निरोप मास्तरांबरोबर पाठव. तोवर मी चुलीपुढेच आहे.

रस्त्याकडे कान लावून बसलेली, तुझीच
दया