युजावाल्या आजीची नात

सुवॉन,
९ नोव्हेंबर

ती. आईस,
हेरिमचा शि. सा. न. वि. वि.

हातात फोन असताना ही पत्र कशाला लिहीत बसली, असं तुला वाटेल. फोनवर आपण दोघी भांडतो आणि मुद्दा बाजूलाच राहतो, म्हणून कागद घेतला. शेवटपर्यंत वाच, मग काय बोलायचं ते बोल.

परवा दाओनला घेऊन बाजारात गेले होते. मासळी साफ करून घेत होते, मागे वळून पाहिलं तर पोरगी गायब. आई, पाच मिनिटं मी वेड्यासारखी धावत होते. सापडली ती भाजीच्या गल्लीत, एका अनोळखी बाईचा हात धरून मजेत चालताना. बाई भली निघाली. तुझं गिऱ्हाईकच, दरवर्षी तुझा युजाच्या लिंबांचा मुरंबा मागवते. तिनं लांबूनच ओळखलं, की ही युजावाल्या आजीची नात. हनुवटीचे टाके बरे झाले का, बालवाडीत अजून रडतेस का, असं विचारत खाऊ द्यायला घेऊन निघाली. दाओननं शहाण्यासारखं कमरेत वाकून नमस्कार केला आणि गेली तिच्याबरोबर. मी रागावले तर म्हणते कशी, की तिला माझं सगळं ठाऊक होतं, म्हणजे ती आपलीच मावशी असणार ना!

घरी आल्यावर तुझ्या जावयानं, गिसपनं, मुरंबा विकायचं तुझं फोनवरचं पेज उघडलं आणि म्हणाला, की आपण परके आहोत असं समजून बघू. पिवळ्या दप्तरावर बालवाडीचं नाव. खिडकीबाहेर पाण्याची टाकी, त्यावरून आमची इमारत. नव्या छत्रीच्या फोटोत मागे घराचा नंबर. आणि तो केक! आज १४ मे, आमची दाओन सहा वर्षांची झाली, असं तू खाली लिहिलं आहेस. आमच्या दाराच्या कुलपाचा आकडा कोणता होता ते तुला माहीत आहेच. ०५१४, आधी महिना मग तारीख. गिसपला हे शोधायला अकरा मिनिटं लागली; कोणालाही आमच्या घरात शिरायला तेवढी पुरली असती.

आकडा आम्ही बदलला आहे, आणि नवा तुला आत्ता सांगणार नाही. दाओनचे सगळे फोटो काढून टाक, मग सांगेन. फोनवर फोटो पाठवणंही बंद. एक छापून सोबत ठेवला आहे, तो भिंतीला लाव.

गुडघे शेकत जा. रागावलीस तरी माया आटू देऊ नकोस.
तुझी
हेरिम

गोहुंग,
१५ नोव्हेंबर

चि. हेरिम हिस अ. उ. आ.

पत्र पोचलं. दोन दिवस मी कोणाशी बोलले नाही. शेजारची सुनचॉनवाली विचारत होती, की तोंडाला कुलूप का? म्हटलं, माझ्या तोंडाला नाही गं, लेकीच्या दाराला लागलंय.

सहा वर्षं मी पाच तासांची बस करून येते आहे. तुम्ही दोघं कामावर असता. दार उघडते, फ्रीजमध्ये किमचीचे डबे लावते, तुझी भांडी घासते (ती तू कशी घासतेस ते मी कधी कोणाला सांगितलेलं नाही) आणि परत फिरते. ती मी आता परकी झाले. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच.

मुरंब्याच्या बरणीचा फोटो टाकला तर सात जणांना आवडतो. दाओनचा टाकला तर तीनशे जणांना. तुझे बाबा गेल्यापासून रोज सकाळी मला जेवलात का म्हणून विचारणारी तीच माणसं आहेत. तू विचारतेस रविवारी.

आणि फोटोचं काय एवढं? तुझा शंभराव्या दिवसाचा फोटो, अंगावर सूतसुद्धा नसलेला, बसस्टँडसमोरच्या फोटोवाल्याच्या काचेत तेरा वर्षं होता. सगळं गाव बघायचं. तुला नेलं का कोणी पळवून? उलट तिथून जाताना माझी मान ताठ व्हायची.

युजाची तोड चालू आहे, काट्यांनी हात सोलले आहेत. दाओनला माझे पापे. तुलाही आशीर्वाद आहेतच, ते काही मी काढून घेत नाही.
तुझी आई
ओकबुन

सुवॉन,
२१ नोव्हेंबर

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

मला कोणी पळवलं नाही, खरं आहे. पण बारा वर्षांची असताना वर्गातली मुलं रोज त्या काचेपुढे उभी राहून मला हाका मारायची. वर्षभर मी मिठाच्या गोदामावरून लांबच्या रस्त्यानं शाळेत गेले. तुला सांगितलं होतं, की तो फोटो काचेतून काढायला लाव. तू हसलीस आणि म्हणालीस, की एवढं गोड बाळ, लाजतेस कसली! फोटोवाल्यानं दुकान बंद केलं तेव्हा कुठे मी सुटले.

मला तेव्हा कोणी विचारलं नाही. दाओनलाही कोणी विचारलेलं नाही. आणि यात मी काही धुतल्या तांदळासारखी नाही. तुला ते फोटो पाठवत कोण होतं? मीच. चार कौतुकाचे शब्द वाचायला मिळतात म्हणून मीही रोज ते पेज उघडून बसायची.

काल पहिल्यांदाच तिला विचारलं. छत्रीचा चालेल म्हणाली. मग म्हणाली, की बालवाडीच्या पहिल्या दिवशी मी रडत होते, ते सगळ्यांनी का बघितलं? आई, याचं उत्तर तुला सुचलं तर कळव.

जेवलीस का? आजपासून रोज विचारणार आहे. लोभ असाच ठेव, थोडा वाढवलास तर उत्तमच.
हेरिम

गोहुंग,
१० डिसेंबर

चि. हेरिम हिस अ. उ. आ.

दाओनचा तो रडतानाचा फोटो सगळ्यांत आधी पुसला.

तुझं पत्र वाचून मी बसस्टँडपर्यंत चालत गेले. त्या दुकानाच्या जागी आता कोंबडी तळून देतात. मी समोर उभी राहिले आणि तू मला सांगितलं होतंस ते लख्ख आठवलं. मी पीठ मळत होते आणि हसले होते. पोरी, चुकलं माझं. वर्षभर तू लांबच्या रस्त्यानं जात होतीस आणि आई असून मला पत्ता नव्हता.

वाचनालयातल्या बाईंकडे बसून पेजवरचे फोटो काढून टाकायला सुरुवात केली. चारशे बारा निघाले. एकेक उघडायचा, बघायचा, पुसायचा. मध्येच मला रडू यायला लागलं, तर बाईंनी उद्या या म्हणून सांगितलं. चार दिवस लागले. छत्रीचाही पुसला, त्यात घराचा नंबर होता. सगळे छापून मात्र घेतले आहेत. ते कपाटात आहेत आणि कपाटाची किल्ली माझ्याकडे आहे. बाई म्हणाल्या, की कोणी उतरवून घेतले असतील तर ते काही परत येत नाहीत. पण हातात होतं तेवढं केलं.

गावच्या हॉलमध्ये खालून तापवलेल्या जमिनीवर पाय पसरून आम्ही सगळ्या बसतो ना, तिथे मी विषय काढला. सुनचॉनवाली फिसकन हसली. मी तिचा फोन घेतला आणि तिच्या नातवाची बालवाडी, इमारत आणि वाढदिवस तिलाच वाचून दाखवला. ती दुसऱ्याच दिवशी वाचनालयात हजर.

गिऱ्हाइकं विचारतात, दाओन कुठे आहे? मी लिहिते, की तिच्या घरी आहे. आता फक्त माझ्या सोललेल्या हातांचे फोटो टाकते. ऐंशी जणांना आवडतात, हातांच्या मानानं बरं आहे. कुलपाचा आकडा मी मागत नाही. तुला वाटेल तेव्हा सांग, नाही वाटलं तर नको सांगू.

थंडीची स्वतःला जप. तुझ्यावरची माया आहे तिथेच आहे.
तुझी आई

सुवॉन,
१८ डिसेंबर

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र गिसपला वाचून दाखवायला घेतलं आणि मलाच पुढे वाचवेना. चारशे बारा! तू फेब्रुवारीत नव्या वर्षाच्या सणाला इकडेच ये.

दाओनसाठी आम्ही एक रीत घातली आहे. घरच्यांचा एक शब्द ठरवला आहे. कोणी कितीही ओळखीचं वाटलं, आपलं सगळं सांगू लागलं, तरी तो शब्द म्हटल्याशिवाय तिनं कोणाबरोबर जायचं नाही आणि कोणाला दार उघडायचं नाही. शब्द इथे लिहीत नाही. बाबांच्या पुण्यतिथीला गिसप येईल, तो तुझ्या कानात सांगेल. तूही कुठे लिहून ठेवू नकोस.

वाट पाहते. तोवर रोज जेवत जा आणि जेवलीस म्हणून कळवत जा.
हेरिम

गोहुंग,
२२ फेब्रुवारी

चि. हेरिम हिस अ. उ. आ.

सुखरूप पोचले. तू बसस्टँडवर मला शोधत होतीस आणि मी दुसऱ्याच दारानं बाहेर पडले, त्या दिवशी वर तुमच्या मजल्यावर काय झालं ते धड सांगायचं राहून गेलं.

मी बेल वाजवली. जावईबापू अंघोळीला गेले होते. आतून दाओननं दाराच्या कॅमेऱ्याच्या पडद्यावर बघितलं आणि शब्द विचारला. तो मी बसमध्ये चार वेळा मनात म्हटला होता, आणि दाराशी पोचले तर साफ विसरले! म्हटलं, अगं मी आजी, बघ ना माझं तोंड. ती म्हणाली, की तोंड दिसतंय, शब्द सांग. म्हटलं, डबा जड आहे गं. म्हणाली, खाली ठेव. गोळ्या आणल्यात म्हटलं, तर म्हणाली, की अनोळखी माणसंपण गोळ्या देतात. समोरच्या घरातली बाई दार उघडून बघायला लागली. मी तिला सांगितलं, की माझी नात आहे ही, मला आत घेत नाहीये! सांगताना माझी छाती अशी फुगली होती म्हणून सांगू.

मग दाओन म्हणाली, की आजी, रडू नकोस, आईला येऊ दे, तोवर मी इथेच बसते. आत ती बसली, बाहेर डब्यावर मी. दाराला कान लावून दहा मिनिटं गप्पा मारल्या. निघताना तू मला कुलपाचा आकडा सांगितलास, तो लक्षात आहे. पण मी बेलच वाजवीन म्हणते.

त्या गप्पांत तिनं मला एक गोष्ट सांगितली. काळजीचं काही नाही, तसं असतं तर तुला त्याच क्षणी सांगितलं असतं. पण सांगून झाल्यावर म्हणाली, की आजी, हे कोणाला दाखवू नकोस, कोणाला सांगू नकोस. परवापासून सुनचॉनवाली, नात काय म्हणाली ते सांग म्हणून खनपटीला बसली आहे. मी ताकास तूर लागू देत नाही. इथेही लिहीत नाही.

तुझी आई,
आणि दाओनची आजी